अलीकडे ओढलेली तारीख

विहीणबाईंनी तिसराही हॉल नापसंत केला, तेव्हा सोफेवाल्यांच्या मनात पाल चुकचुकली.

पहिला त्यांना अंधारा वाटला. दुसऱ्याच्या भिंतींचा रंग डोळ्यांत खुपला. तिसऱ्यात तर त्या शिरल्याच नाहीत. दारातूनच जिन्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वर आहे होय? नको. माणसं दमतात."

माणसं म्हणजे कोण, हे काही सांगितलं नाही. सोफेवाले वर जाऊन आले होते. उजेड छान होता, पंखे नवे होते. खुर्च्यांच्या गाद्या दाबून बघितल्या तर त्यातही खोट काढायला जागा नव्हती, आणि गाद्यांच्या बाबतीत सोफेवाले सहजासहजी कुणाला सोडत नसत. तीस वर्षं सोफे आणि खुर्च्या बांधण्यात गेली होती. दुकान पुढे, घर मागे. घरात आता ते आणि मुलगी चिमी. चिमीची आई जाऊन वर्ष होत आलं होतं.

लग्न चिमीचं. मुलगा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. दोघांनी एकमेकांना पसंत केलं आणि मग मोठ्यांनी बोलणी केली. मुलाचे वडील तो लहान असतानाच गेले. घरी फक्त आई, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. बोलणं नेमकं, कपडे कडक इस्त्रीचे. खटकावं असं काही नव्हतं, आणि हेच सोफेवाल्यांच्या थोरल्या बहिणीला खटकत होतं.

"बाळ्या, कुठंतरी पाणी मुरतंय," ती म्हणाली. साठीच्या भावाला ती अजून बाळ्याच म्हणायची. "हॉल नको, हॉल नको, म्हणजे लग्नच नको. सरळ सांगायची लाज वाटते म्हणून भिंतींचा रंग काढला."

"तुझं आपलं काहीतरीच," सोफेवाले म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी एका खुर्चीला दोनदा उलटं कापड ठोकलं.

पुढच्या आठवड्यात कपड्यांचं बोलायला विहीणबाई घरी आल्या. बहीणही मुद्दाम येऊन बसली होती. बसायला तीन जागा होत्या. त्यातल्या दोन सोडून त्या नेमक्या त्या खुर्चीत बसल्या.

ती चिमीच्या आईची खुर्ची. तिची फुप्फुसं आकसत गेली होती. आडवं झालं की जीव घुसमटायचा. म्हणून सोफेवाल्यांनी एका जुन्या सांगाड्यावर तिच्यासाठी खुर्ची बांधली. पाठ उंच, कमरेशी घट्ट, मानेशी मऊ. दोन्ही हात रुंद ठेवले, म्हणजे पुढे वाकून कोपरं टेकता येतील. दोन वर्षं ती त्यातच झोपली आणि त्यातच गेली. तेव्हापासून त्या खुर्चीत कुणी बसत नव्हतं. तसं ठरवलं नव्हतं, पण बसत नव्हतं.

विहीणबाईंनी मान मागे टेकली आणि क्षणभर डोळे मिटले.

"बरं वाटतं हो यात. त्यांच्यासाठी केली होती ना? आधी काय जाणवलं त्यांना? खोकला?"

"हो. खोकलाच."

"आणि शेवटी शेवटी बोलता यायचं का?"

सोफेवाल्यांच्या डोक्यात तिडीक गेली. "चहा घेता ना?" एवढंच ते म्हणाले.

चहा झाल्यावर विहीणबाईंनी आणखी एक बॉम्ब टाकला. "तारीख जरा अलीकडे घेऊ या का? थंडीची वाट कशाला बघायची? पुढच्याच महिन्यात उरकू."

त्या गेल्यावर बहिणीनं पदर खोचला. "ऐकलंस? आपलं रक्त तपासतेय ती. आईचा रोग मुलीत उतरेल म्हणून भीती वाटतेय."

"भीती असती तर तारीख लांबवली असती. ही तर अलीकडे ओढतेय."

बहीण गप्प बसणारी नव्हती. "मग खोट मुलात असणार. खराब माल लवकर खपवायचा असतो. जा, बघून ये एकदा."

सोफेवाले चष्मा सैल झाल्याचं निमित्त करून मुलाच्या दुकानात गेले. चांगला घट्ट चष्मा त्यांनी आदल्या रात्री स्वतःच पक्कडीनं वाकडा केला होता. मुलगा लंगडत नव्हता, त्याचा हात थरथरत नव्हता, तोंडाला कसला वास नव्हता. त्यानं स्क्रू पिळला, काचा पुसल्या आणि हसत म्हणाला, "बाबा, हा कुणीतरी मुद्दाम वाकवलाय."

सोफेवाले ओशाळले. "घरी काय म्हणतायत?"

"आई हल्ली फार मागे लागते. स्वयंपाक शीक, पैशाचे व्यवहार बघायला शीक. लग्न माझं आहे की परीक्षा, तेच कळत नाही."

हे ऐकून सोफेवाल्यांना बरं वाटायला हवं होतं. पण संशय एकदा घरात शिरला की चांगल्या गोष्टीही त्याच्याच बाजूनं बोलू लागतात. घरी जाईपर्यंत ते स्वतःशीच म्हणत होते, ही बाई एवढी कसली तयारी करतेय?

कपड्यांचं दुकान बाजारात दुसऱ्या मजल्यावर होतं. चिमी आणि मुलगा गप्पा मारत भराभर वर गेले. विहीणबाई पहिल्या वळणावर थांबल्या आणि पर्स उघडून आत शोधू लागल्या.

"तुम्ही व्हा पुढे. चावी कुठे ठेवली ते बघते."

सोफेवाले दोन पायऱ्या चढले आणि वळले. विहीणबाईंचे खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते. गळ्याखाली हाडांच्या मध्ये खळगा पडत होता. चिमीच्या आईलाही जिन्यात प्रत्येक वळणावर काही ना काही काम निघायचं. कधी चपलेचा पट्टा, कधी शेजाऱ्यांच्या दारातली कुंडी. आणि आधीच्या दोन हॉलनाही जिना होताच.

"चावी तुमच्या हातातच आहे," सोफेवाले म्हणाले.

विहीणबाईंनी हाताकडे बघितलं. बोलायला गेल्या, पण शब्द निघाला नाही.

"बोलू नका. ओठांचा चंबू करा आणि फुंकर घातल्यासारखा हळू सोडा श्वास. अजून हळू."

त्यांनी तसं केलं. खालून दोन बायका आल्या आणि वर निघून गेल्या. तोवर सोफेवाले कठडा धरून उभे राहिले.

"डॉक्टरांनी कधी सांगितलं?"

"उन्हाळ्यात."

"आमच्याकडे बोलणी करायला आलात, त्याच्या आधी की नंतर?"

"नंतर."

"नंतर?"

विहीणबाईंनी पर्स मिटली. "आधी."

"माझ्या मुलीनं आईसाठी नोकरी सोडली होती, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"म्हणून पसंत केलीत?"

"पसंत त्यानं केली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? वाटलं, हिला सगळं करता येतं."

"सून शोधत होतात की नर्स?"

"हळू बोला हो. त्याला माहीत नाही. मला फक्त त्याच्या लग्नात माझ्या पायांवर उभं राहायचंय. तेवढं होऊ द्या. मग मीच सांगते."

"मग सांगून काय उपयोग?"

सोफेवाल्यांना त्या बाईची दया येत होती आणि रागही येत होता, आणि एकामुळे दुसरं कमी होत नव्हतं. पुढचं सगळं त्यांना ठाऊक होतं. तिलाही ते कळत चाललं होतं, म्हणून तर ती त्या खुर्चीत बसून विचारत होती. पण चिमी आत्ता कुठे परत कामाला जाऊ लागली होती. आत्ता कुठे जेवताना हसू लागली होती.

"वर चला आणि सांगा," ते म्हणाले. "मी सांगितलं तर गोड नाही सांगणार."

विहीणबाई वर जाऊन बाकावर बसल्या आणि त्यांनी सांगितलं. थांबत थांबत, पण शाळेत धडा शिकवावा तसं नीट. कापडांच्या घड्या उलगडणारा दुकानदार मध्येच हात थांबवून ऐकत राहिला.

सोफेवाल्यांची नजर मुलाच्या चेहऱ्यावरून हलली नाही. तो पांढराफटक पडला. "खोकला खडूच्या धुळीनं झालाय म्हणालीस तू," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. त्याला ठाऊक नव्हतं. असं सोंग कुणाला जमत नाही.

"चल चिमे," सोफेवाले उठले.

"बाबा, बसा जरा."

ते बसले. चिमीनं विहीणबाईंना विचारलं, "ऑक्सिजन लागतो का?"

"अजून नाही."

मग ती मुलाकडे वळली. "हे मी एकदा केलंय. ती माझी आई होती. ही तुझी आहे."

"मी करीन ना सगळं."

"हो म्हणायला काय जातं? डॉक्टरांकडे तू न्यायचं. औषधं तुला पाठ हवीत. रात्री तू उठायचं. मी न सांगता येऊन बघेन. मग सांगेन लग्न करायचं की नाही."

"आणि पुढच्या महिन्यातली तारीख?" विहीणबाईंनी विचारलं.

"ती विसरा, काकू."

"थंडीपर्यंत मी असेन की नाही..."

"असाल किंवा नसाल," चिमी म्हणाली. तिचा आवाज फाटला, पण तिनं शब्द मागे घेतला नाही. "त्यावरून माझ्या लग्नाची तारीख ठरवू नका."

विहीणबाईंनी मान हलवली. रागावल्यासारख्या नाही दिसल्या.

"मग हे बांधून देऊ का?" दुकानदारानं विचारलं.

"आज नको," चिमी म्हणाली आणि उलगडलेलं कापड त्याच्याकडे सरकवलं.

मुलगा उठला, कोपऱ्यातल्या माठातून ग्लासभर पाणी घेऊन आला आणि आईसमोर धरला. ती घोट घोट पीत होती, त्यामुळे त्याला बराच वेळ वाकून उभं राहावं लागलं. सोफेवाले बघत होते. एका ग्लासावरून काही ठरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ते बघतच राहिले.