धावपट्टीवरची बारा झाकणे

सोमवारी सकाळी अकरा वाजता, युद्धनौका आराखडा कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, विमाने आणि क्षेपणास्त्रे दोन्ही वाहणाऱ्या क्रूझरच्या आराखड्यावर मुख्य अभियंत्यांची सही व्हायची होती. क्षेपणास्त्र विभागाने आपला कागद वेगळा तपासला होता, विमान विभागाने वेगळा. दोन्ही निर्दोष ठरले होते. अंतिम तपासनीस या नात्याने मी ते पारदर्शक कागद एकमेकांवर ठेवले. क्षेपणास्त्रे सोडण्याच्या नळ्यांची बारा झाकणे नेमकी धावपट्टीवर आली! आजवर कोणीही एवढे साधे काम केले नव्हते, याची मला विलक्षण चीड आली.

"झाकणं उघडल्यावर विमानं उतरणार कुठे?"

"घालतील घिरट्या," मुख्य अभियंता म्हणाले. "सगळं जमत आलं की तुमचीच माशी शिंकते!"

"किती वेळ घिरट्या?"

"मारा करून डेक निवेपर्यंत चाळीस मिनिटं."

सल्लागार म्हणून आलेला वैमानिक त्यांचाच जावई होता. "बाबा, परतताना माझ्याकडे पंधरा मिनिटांचं इंधन उरतं. पुढे काय, हात हलवत उडू?"

"जावईबापू, एका जहाजात दोन जहाजांचं काम होतंय!"

"एका वेळी एकच होतंय," मी म्हटले. "तेवढ्या वेळात परतणारे सगळे समुद्रात पडतील. हा आराखडा नापास."