न थांबणारी क्वालिस

जबलपुरात मदन महालच्या त्या गल्लीत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. मुरलीधरराव पाटणकरांना त्यांच्या गाडीबद्दल काही विचारायचं असेल, तर वेळ काढून जावं. "गाडी कशी चालते?" एवढंच विचारलं तरी उत्तर जपानपासून सुरू व्हायचं आणि मदन महालला पोचेपर्यंत समोरच्याचा चहा गार झालेला असायचा.

गाडी होती टोयोटाची क्वालिस. घेतली तेव्हा मुलगा अनुपमचं लग्न व्हायचं होतं, आता अनुपमची मुलगी प्रणोती कॉलेजात जात होती. कंपनीने ती गाडी बनवणं केव्हाच बंद केलं होतं. चंदेरी रंग उन्हाने पांढुरका झाला होता, मागच्या दाराला आपटल्याशिवाय अक्कल येत नव्हती, पण इंजिन सुरू केलं की मुरलीधररावांची मान आपोआप ताठ व्हायची. "आजवर रस्त्यात एकदाही थांबली नाही," हे ते अशा थाटात सांगत, जसं लोक आपल्या पोराचा बोर्डातला नंबर सांगतात.

आणि मग जपान. "सुताराचा पोरगा होता बरं का तो, टोयोटाचा मूळ पुरुष. आई हातमागावर राबायची, ते त्याच्यानं बघवेना. त्यानं माग बनवला. आता माग काय, जगात सगळेच बनवून राहिले होते. याच्या मागाची कमाल ऐका. एक धागा तुटला, एकच, की माग आपोआप बंद! तुटल्या धाग्याचं कापड विणायचंच नाही. पुढे त्याच्या पोरानं त्याच कारखान्यात मोटारीचं काम सुरू केलं. तिथेही तीच रीत. लाइनीवरच्या साध्या कामगाराला काही चुकलेलं दिसलं, तर त्यानं दोरी ओढायची. लाइन थांबते! अमेरिकेत पहिल्यांदा गाड्या पाठवल्या तर तिथल्या हायवेवर पार दमल्या. मग? रडत नाही बसले. पाठवणं बंद केलं, सुधारल्या, पुन्हा गेले. आज वाळवंटात जाऊन विचारा, डोंगरात जाऊन विचारा!"

ही कथा सांगायचा त्यांना हक्कही होता. लष्कराचे ट्रक बनवणाऱ्या जबलपूरच्या कारखान्यात त्यांनी सारी नोकरी तपासणी खात्यात काढली होती. ट्रक पाठवायची घाई असो, मोठे साहेब डोक्यावर उभे असोत, शंका आली की मुरलीधरराव ट्रक अडवायचे. कामगार त्यांना मागून 'रोको साहब' म्हणत आणि त्यांना ते मनातून फार आवडे. तिथलीच एक सवय त्यांनी घरी आणली होती. चाकाचा नट शेवटचा आवळून झाला की त्याच्यावरून चाकापर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायची. नट जरा जरी हलला तरी रेघ तुटलेली दिसते. पिवळ्या रंगाचा छोटा डबा आणि ब्रश त्यांच्या खिडकीत कायम असे.

या सगळ्या प्रकारावर घरात एकच माणूस गप्प बसे, आणि ती म्हणजे सून विनीता. नेपियर टाउनच्या शाळेत ती गणित शिकवायची, स्कूटीने जायची आणि क्वालिसमध्ये बसली की खिडकीच्या वरची आधाराची मूठ घट्ट धरून ठेवायची. अनुपम रेल्वेत, नेमणूक कटनीला, घरी यायचा तो सुट्टीपुरता. त्यामुळे घरातले वाद सासरा आणि सून दोघांतच मिटत, किंवा मिटत नसत.

सध्याचा वाद प्रणोतीचा, म्हणजे घरच्या पनूचा होता. तिला गाडी शिकायची होती, तीही आजोबांकडून, तीही क्वालिसवर. विनीता म्हणत होती, ही गाडी विकू, छोटी नवी घेऊ, आणि पनू शिकेल ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. मुरलीधररावांना यातलं गाडी विकणं जेवढं लागलं, त्याहून ड्रायव्हिंग स्कूल जास्त लागलं. नातीला गाडी शिकवायची म्हणून ते गेलं वर्षभर वाट बघत होते आणि सुनेचा आपल्यावर एवढाही भरवसा नाही, हे त्यांना रात्री झोपू देत नव्हतं.

तशात मंडल्याहून विनीताच्या भावाकडचं बारशाचं बोलावणं आलं. विनीता म्हणाली, "टॅक्सी करू या, बाबा."

"टॅक्सी? काहून? घरात टोयोटा उभी असताना टॅक्सी?"

"रस्ता जंगलाचा आहे. जुनी गाडी, कुठे बंद पडली तर?"

"ही? बंद?" मुरलीधरराव हसले. "चलो, शर्त लाव. जाता-येता रस्त्यात एकदा जरी थांबली ना, कोणत्याही कारणानं, तर मी स्वतः विकतो. आणि नाही थांबली, तर पनूला मीच शिकवणार. बोल."

विनीताने हातातली वही मिटली. "मंजूर," ती म्हणाली.

प्रणोती सोफ्यावरून ओरडली, "अरे यार, मुझसे तो पूछो कोई!" पण तिला कोणी विचारलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी पुढचं डावं चाक बसलेलं दिसलं. पंक्चर. मुरलीधरराव खूश झाले, कारण आता हे घरीच उरकलं, रस्त्यात काही होणार नव्हतं. त्यांनी जॅक लावला, चाक काढलं, स्टेपनी चढवली, नट फिरवून बसवले. नियम असा की चाक जमिनीवर टेकलं की पान्याने एकेक नट अंगातला जोर लावून शेवटचा आवळायचा. त्यांनी जॅक उतरवला, पाना हातात घेतला, आणि फाटकाशी शेजारचे रत्नाकरजी उभे राहिले.

रत्नाकरजींचा क्वालिसवर कधीचा डोळा होता. "मुरलीधरजी, विकून राहिले म्हणे? मग मलाच द्या. पण एक सांगा, एवढी जुनी गाडी, अजून चालते कशी?"

झालं. मुरलीधररावांनी पाना हवेत फिरवत सुताराच्या पोरापासून सुरुवात केली. धागा तुटला, माग थांबला, अमेरिकेत दमलेल्या गाड्या सुधारून परत गेल्या. रत्नाकरजींनी मध्ये दोन शंका काढल्या, त्यांचं निरसन झालं. तेवढ्यात आतून जेवायला हाक आली. मुरलीधररावांनी जॅक आणि पाना जागच्या जागी ठेवला, हात धुतले आणि मोठ्या समाधानाने पानावर बसले.

जाताना क्वालिस अशी पळाली की काय सांगावं. बरेला गाव मागे पडलं, जंगल लागलं, वळणं आली, चढ आले. मुरलीधरराव आरशात सुनेकडे बघत मुद्दाम गुणगुणत होते. मंडल्याला बारशाच्या मंडपात विनीताच्या भावाने सहज विचारलं, "गाडी काही बोलली नाही ना रस्त्यात?" आणि बिचाऱ्याला पाळण्यापाशी उभ्याने सारा जपान ऐकावा लागला. बाळाचं नाव ठेवून झालं तरी कथा अमेरिकेपर्यंतच आली होती.

दुपारी परत निघाले. प्रणोती मागे कानात हेडफोन घालून झोपली, विनीता पुढे येऊन बसली. अर्धा रस्ता गेला. मुरलीधररावांनी शर्त मनातल्या मनात जिंकून टाकली होती. प्रणोतीला पहिल्या दिवशी कुठे न्यायचं, ते मैदानही ठरवून झालं होतं.

आणि एका वळणावर स्टिअरिंग किंचित थरथरलं.

इतकं किंचित की दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं. विनीता खिडकीबाहेर बघत होती. पुढच्या वळणावर पुन्हा, आणि या वेळी खालून टक असा बारीक आवाज. रस्ता खराब आहे, ते स्वतःला म्हणाले. पण रस्ता गुळगुळीत होता. पुलाचा सांधा असेल. पूल कुठेच नव्हता.

घर काही फार लांब राहिलं नव्हतं. हळू चालवली तर पोचेल, उद्या गुपचूप बघता येईल, कोणाला काही कळणार नाही. शर्त जिंकली, नात मिळाली, मान राहिला. इथे थांबलं की सगळं गेलं, आणि तेही या सुनेसमोर, जिचा आधीच विश्वास नाही. पुढे उताराची पाटी दिसली. खालून पुन्हा आवाज आला, टक.

कारखान्यात दुसऱ्या कोणी असा ट्रक चालवत आणला असता, तर त्याची त्यांनी कशी हजेरी घेतली असती, ते त्यांना लख्ख आठवलं. तुटल्या धाग्याचं कापड विणायचं नाही, हे साऱ्या गल्लीला ऐकवणारा माणूस आपणच. मुरलीधररावांना स्वतःचा मनस्वी राग आला. त्यांनी इंडिकेटर दिला आणि उताराच्या अलीकडे गाडी कडेला घेऊन थांबवली.

"काय झालं?" विनीताने विचारलं. "बाबा, तुम्ही काहून थांबले?"

"आवाज येऊन राहिला."

"मला नाही आला."

"मला आला," ते म्हणाले आणि खाली उतरले.

उजवीकडचं पुढचं चाक पाहिलं. नटांवर पिवळ्या रेघा सरळ. मागची दोन्ही पाहिली, रेघा सरळ. मग ते डावीकडे पुढे आले आणि तिथेच उभे राहिले. त्या चाकावर एकही रेघ नव्हती. एक नट गायबच होता. उरलेल्यांपैकी एकाला त्यांनी बोट लावलं, तर तो बाटलीच्या झाकणासारखा फिरला.

विनीता त्यांच्या मागे येऊन उभी होती. उताराकडे बघून तिचा चेहरा उतरला. "हे... खाली गेलो असतो तर?"

"चाक निघालं असतं." मुरलीधररावांनी आवाज चढवला नाही, काही लपवलंही नाही. "गाडीचा काही दोष नाही, विनीता. माझा आहे. काल पाना हातात होता आणि मी रत्नाकरला गाडीचं कौतुक सांगत बसलो. आवळायचं राहूनच गेलं."

त्यांनी पाना काढला. उरलेला एकेक नट अंगातला सगळा जोर लावून आवळला, पुन्हा तपासला, पुन्हा आवळला. प्रणोती जागी होऊन खिडकीतून डोकावत म्हणाली, "आजोबा, गाडी रुक गई? मग शर्त?"

"हरलो," मुरलीधरराव म्हणाले. त्यानंतर घरापर्यंत ते हळू आले, दर थोड्या अंतरावर थांबून नटांना हात लावत आले. हरलेला माणूस कितीही वेळा थांबू शकतो.

घरी आल्यावर त्यांनी आधी हरवलेल्या नटाच्या जागी नवा नट आवळला आणि रंगाचा डबा काढून त्या चाकावर रेघा ओढल्या. मग किल्ली विनीतापुढे टेबलावर ठेवली. "शब्द म्हणजे शब्द. रत्नाकर घेईल गाडी. पनूला लाव त्या स्कूलमध्ये."

विनीताने किल्ली उचलली नाही. तिने डब्यातल्या पिवळ्या रंगाकडे पाहिलं.

"बाबा, एक खरं सांगू? मला या गाडीची भीती नव्हती. तुमची होती."

"माझी?" मुरलीधररावांनी विचारलं.

"एकदाही थांबली नाही, एकदाही थांबली नाही, असं तुम्ही रोज सांगून राहिले. मला वाटायचं, हा माणूस त्या एका वाक्यापायी काही झालं तरी थांबणार नाही. माझी मुलगी शेजारी बसलेली असेल तरी नाही." तिचे डोळे भरून आले. "आज आवाज फक्त तुम्हाला आला होता. तुम्ही गप्प बसले असते तर मला कधी कळलंही नसतं."

"थांबलं की काय काय जाणार, ते सगळं माहीत होतं ना मला," ते म्हणाले.

"मलाही माहीत होतं." तिने किल्ली त्यांच्या हातात परत ठेवली आणि वर त्यांची मूठ मिटवली. "पनूला तुम्हीच शिकवा. आणि तिच्यानंतर मला."

आयुष्यात पहिल्यांदा मुरलीधररावांकडे गाडीबद्दल बोलायला काही नव्हतं. त्यांनी पंच्याने तोंड पुसलं, डोळे पुसले, आणि रंगाचा डबा घट्ट लावून खिडकीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी रत्नाकरजी हजर. गाडीत प्रणोती स्टिअरिंगवर बसलेली, शेजारी आजोबा, मागच्या सीटवर विनीता, आणि वरची मूठ मोकळीच.

"काय मुरलीधरजी! मंडला ट्रिप कशी झाली? थांबली तर नाही ना कुठे?"

मुरलीधररावांनी काच खाली केली. मान नेहमीसारखीच ताठ झाली.

"थांबली," ते साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मी थांबवली!"