रत्नम्माची ओळ

"माझं नाव पूर्ण पायजे," आबासाहेब म्हणाले. "खाली जनरल मॅनेजर. त्याच्या खाली समाजभूषण. प्रत्येक चिठ्ठीवर."

"एवढी जागा नाही, साहेब," विजयमाला म्हणाली.

"एवढ्या थोरल्या यंत्रात चार शब्दांला जागा न्हाय?"

"यंत्र थोरलं आहे. आठवण थोडी आहे."

आबासाहेब चडफडत गेले. विजयमाला धादांत खोटं बोलली होती.

गिरणीच्या फाटकावर पाळी सुटताना हजेरीची चिठ्ठी छापून देणारं हे यंत्र तिनंच जुळवलं होतं, बसलिंगप्पा आण्णांच्या कारखान्यात. एकोणऐंशी साली असली चिप सोलापुरात कुणी पाहिलीही नव्हती. तिची चालू कामाची आठवण इतकी तोकडी, की छापायची वाक्यं तिच्यात ओतली की आकड्यांना जागाच उरेना. दोन ओळी नीट यायच्या, तिसरीला नुसता कचरा. आण्णांनी हात टेकले. मग विजयमालेच्या ध्यानात आलं, की वाक्यं तर कायमच्या आठवणीत कोरलेलीच आहेत, ती उचलून इकडं आणायचीच कशाला? तिथूनच एक अक्षर घ्यायचं, छापायचं, विसरायचं, पुढचं घ्यायचं. यंत्र सुरळीत चालू लागलं. आबासाहेबांच्या सगळ्या पदव्या मावल्या असत्या, एवढी जागा निघाली.

ती जागा तिनं राखून ठेवली.

याच फाटकावर आबासाहेबांनी तिच्या आईला, रत्नम्माला, सूतचोर म्हणून अडवलं होतं. सगळ्या पाळीसमोर लुगड्याचा ओचा झाडायला लावला. काही सापडलं नाही, तरी कामावरून काढलं. लहानगी विजयमाला डबा घेऊन बाहेर उभी होती. आबासाहेबांना त्यातलं काही आठवत नव्हतं.

उद्घाटनाच्या सकाळी तिनं यंत्रातली कायमच्या आठवणीची चिप बदलली.

मांडवात पाहुणे बसले होते, बायांची पाळी रांगेत उभी होती. आबासाहेबांनी पहिली चिठ्ठी ओढली आणि कौतुकानं मोठ्यानं वाचू लागले. अक्षरं इंग्रजी, बोली मराठी. गिरणीचं नाव झालं, टोकन नंबर झाला. "रत्नम्मा..." म्हणाले आणि थांबले.

"पुढं वाचा की," पाहुणे म्हणाले.

आबासाहेबांनी चिठ्ठी मुठीत दाबली. पण रांग सरकायला लागली होती. दगडाबाईनं आपली चिठ्ठी शेजारी उभ्या कोंडीबा जॉबरपुढं, खात्याच्या मुकादमापुढं, धरली. "काय लिवलंय रं?"

कोंडीबानं डोळे बारीक केले. "रत्नम्मा चोर नव्हती."

"कोन रत्नम्मा? आपली वायंडिंग खात्यातली?"

ते नाव रांगेतून मागं मागं गेलं.

"बंद करा ते! ती ओळ काढ आदी!" आबासाहेब ओरडले.

"कायमच्या आठवणीत आहे, साहेब. अशी निघत नाही," विजयमाला म्हणाली. "मी तिचीच मुलगी."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग मान खाली गेली. शेवटी कुणीतरी वायर उपटली.

संध्याकाळी आण्णांनी तिला समोर बसवलं. गिरणीनं यंत्र परत पाठवलं होतं. "माझ्या पोटावर का मारलंस, पोरी? मी तुझं काय वाईट केलं हुतं?"

"तुमच्यासाठी जीव तुटतो, आण्णा. त्याच्यासाठी न्हाय."

"उद्यापासनं येऊ नको."

ती घरी आली तेव्हा रत्नम्मा चुलीपुढं भाकरी थापत होती. विजयमालेनं सगळं सांगितलं, नोकरीचंही. म्हातारीचे हात थांबले नाहीत.

"त्यानं मोठ्यानं वाचलं?"

"अर्धं, अव्वा. तुझ्या नावापर्यंत."

"चोर नव्हती, हे न्हाय म्हनला?"

"न्हाय. ते कोंडीबानं वाचलं."

रत्नम्मानं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"मान घातली का खाली?"

"व्हय."

"लई येळ?"

"लई येळ."

भाकरी फुगली. रत्नम्मानं ती काढून लेकीच्या ताटात टाकली.

"मग जेव आता," ती म्हणाली.