गावकारांचा काळा चष्मा

आमच्या ह्यांना कोंबडी कापता येत नाही. घरात वडे-सागोतीचा बेत ठरला की हे माडाच्या मागे जाऊन आभाळाकडे बघत उभे राहणार आणि सुरी मी हातात घेणार. आणि हाच मनुष्य म्हणे गुंडांचा बादशहा! कॉलेजातली पोरं ह्यांच्या तोंडाचे शर्ट घालून फिरतात. मागे देवबागला आलेल्या एका पाहुण्याने तर दंडावर ह्यांचं चित्र गोंदवून घेतलेलं मी ह्या डोळ्यांनी पाहिलं. कपाळावर हात मारावा नाहीतर काय करावं माणसाने?

हे सगळं आमच्या कन्येचं कर्तृत्व. तेजस्वी पुण्याला असते, चित्रांची कॉमिक पुस्तकं काढते. तिने एक डॉन काढला, आप्पा खाडकर नावाचा. होडीत वाळू भरणारा पोरगा वाढत वाढत सगळ्या खाडीचा मालक होतो, पोलीस-पुढारी त्याच्यापुढे चळाचळा कापतात, अशी ती गोष्ट. तोंड मात्र बापाचं! त्याच जाड भुवया, लहानपणी विळीवर पडून ओठाला राहिलेली तीच खूण, तीच खाली बघायची सवय. मी फोनवर झापलं तर म्हणते, आई, बाबांचा चेहरा मला पाठ आहे, दुसरा कुठून आणू?

बरं, तोंडावर भागलं असतं तरी मी गप्प बसले असते. पण तिने त्या मेल्याच्या तोंडी गाऱ्हाणं घातलं. आमच्या घराण्याकडे गावकीचा मान आहे, म्हणून हे गावकार. रवळनाथाच्या देवळात नारळ हातात धरून गावाच्या वतीने देवाशी बोलायचं, आणि एकेका मागण्याला सगळ्या गावाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. एकदा गाऱ्हाण्यात शब्द पडला आणि गावाने व्हय म्हटलं, की तो मागे घ्यायची कुणाची छाती नाही. कॉमिकातला आप्पा कुणाचा काटा काढण्याआधी असंच नारळ धरून गाऱ्हाणं घालतो आणि त्याचे गुंड ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. वाचणाऱ्यांना तेच आवडलं. पुस्तकावर पुस्तक निघत गेलं.

ह्यांचं नाव मी घेत नाही, आमच्या पिढीत बायका घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. बाबली मात्र ह्यांना अर्ध्या नावाने हाक मारायचा, तीही पुढे शिवी लावून. बाबली आमचा शेजारी, रापणवाला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. दोघे एका शाळेत मार खाल्लेले. मधल्या दगडी गडग्यापलीकडून बाबलीची हाक आली की हे हातातलं काम टाकून ‘इलंय!’ म्हणून धावत सुटायचे. मग दोघे पत्ते खेळायचे, भांडायचे, पुन्हा खेळायचे. मी त्या हाकेला शिव्या घालायचे, कारण ती नेमकी कामाच्या वेळेला यायची.

सुरुवातीला हे लाजले. पोरं फोटोला आली की घरात पळायचे. मग काशीबाईचं प्रकरण झालं. तिच्या विहिरीची वाट दिराने गडगा घालून बंद केली होती. गावकार म्हणून हे पूर्वीही त्याच्याकडे जाऊन आले होते, गयावया करून, आणि त्याने चहासुद्धा विचारला नव्हता. ह्या खेपेला नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा डोळ्यांवर. काय बोलावं सुचेना, म्हणून हे त्याच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, नुसते बसून राहिले. पुढच्या आठवड्यात दिराने स्वतःच्या हाताने गडगा काढला. घरी येऊन हे पोट धरून हसले, मीही हसले. चांगलंच झालं की, म्हातारीला पाणी मिळालं!

पण चटक लागली हो. कुणाचे आंबे कुणी उतरवले, कुणी पंप परत दिला नाही, जो तो आमच्या ओसरीवर. हे खुर्चीत बसायचे आणि कमी बोलायचे. डोळे बरे झाले तरी चष्मा उतरेना. चालण्यात सुद्धा फरक पडला. एकदा मी आमटीत मीठ जास्त झालं का विचारलं तर नुसती मान हलवली. मी ताट उचलून घेतलं आणि सांगितलं, तो आप्पा ओसरीवर, माज्या चुलीकडे तोंडान बोलायचा. तेव्हा जरा जमिनीवर आले.

मग उलटं व्हायला लागलं. मासळीवाली पैसे घेईना. हे देवळाच्या पारावर गेले की गप्पा थांबायच्या आणि सगळे उभे राहायचे. आणि बाबली पत्त्यात हरायला लागला. ज्या माणसाने जन्मात ह्यांना एक डाव जिंकू दिला नाही, तो हातातला एक्का दाबून ठेवायला लागला. ह्यांनी ते ओळखलं आणि पत्ते फेकून दिले. त्या दिवसापासून गडग्यापलीकडून हाक येणं बंद झालं. बाबली समोर आला तर ‘गावकारानू’ म्हणायचा, तुमी-आमी करायचा. एरवी बाबलीच्या नावाने बोटं मोडणारी मी, मलाही घर सुनं वाटायला लागलं.

अशात गुरुप्रसाद आला. किनाऱ्यावर त्याचं मोठं हॉटेल आहे. त्याला पाण्यातल्या खेळांच्या बोटींसाठी धक्का बांधायचा होता, आणि तोही नेमका रापण ओढतात त्या जागेवर. मिठाईचा पुडा ठेवून गोड बोलला. देवाच्या वार्षिकाला सगळं गाव जमेल, तेव्हा गाऱ्हाण्यात एवढंच म्हणा की गुरुप्रसादाच्या धक्क्याला यश दे. गाव व्हय म्हणेल, मग पुढे कुणी आडवं येणार नाही. ह्यांना जागच्या जागी नाही म्हणता येत नाही, आयुष्यात आलं नाही. हे घाबरून खाली बघत बसले. आता कॉमिकात आप्पा खाडकरने नजर खाली वळवली की त्याचा होकार असतो! गुरुप्रसाद खुशीत उठला, पाया पडला आणि गावभर सांगत सुटला की गावकारांनी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी बाबली आला. मला वाटलं, आता हा शिव्यांची लाखोली वाहणार, ह्यांची गचांडी धरणार. मी मनातून वाट बघत होते हो त्या भांडणाची. पण तो खळ्यातच उभा राहिला आणि त्याने हात जोडले.

“गावकारानू,” तो म्हणाला, “आमच्या पोटार पाय देव नकात.”

हे ‘अरे, बस मरे आधी’ म्हणत पुढे झाले, तर तो दोन पावलं मागे सरला. माझ्या डोळ्यांदेखत सरला. एवढी वर्षं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फिरलेली माणसं! बाबली गेला आणि हे ओसरीच्या खांबाला टेकून बसले ते जेवायला उठले नाहीत. मला एवढंच म्हणाले की तो माका भियालो गो.

मग तेजस्वीला फोन लावला. एरवी लेकीशी मोजकं बोलणारे, त्या दिवशी काकुळतीला येऊन बोलले. तुझ्या त्या आप्पाला मारून टाक म्हणाले, गाडीखाली घाल, गोळी घाल, काय वाट्टेल ते कर.  पोर रडवेल्या आवाजात म्हणाली, “बाबा, मारला तर तो अजून मोठा होईल. मेलेल्याला कोण हरवणार?” ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि मागीलदारी निघून गेले.

मी सरळ सांगितलं, गुरुप्रसादाकडे जा आणि नाही म्हणा. गेले बिचारे, दोनदा गेले. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आले. पहिल्या खेपेला हे काही बोलायच्या आतच त्याने शाल घातली. दुसऱ्या खेपेला ह्यांनी धीर करून सांगितलं, मला हे जमायचं नाही, तर तो हसला. म्हणाला, मग गावाला तसं सांगा, की तुम्ही कुणीच नाही, नुसतं चित्र आहात. उद्या काशीबाईचा दीर पुन्हा गडगा घालील, चालेल तुम्हाला? ह्यांना चालणार नव्हतं. रापणीची जागा गेली असती तर बाबलीचं घर उपाशी, आणि आप्पा गेला असता तर काशीबाईची वाट बंद. मी रात्रंदिवस त्या हॉटेलवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याने काय होतंय?

वार्षिकाच्या सकाळी सगळं गाव देवळात. गुरुप्रसाद पांढरे कपडे घालून पुढे उभा. बाबली आणि त्याचे रापणवाले मागे, माना खाली घालून. पोरांनी मोबाइल वर धरलेले. हे सोवळं नेसून पुढे झाले, नारळ हातात घेतला. 

नेहमीचं गाऱ्हाणं झालं. आंब्याला मोहोर दे, पोराबाळांना सांभाळ, चुकलंमाकलं पोटात घाल. गावाने नेहमीसारखं व्हय म्हटलं. मग हे थांबले आणि आपल्या त्या पडेल आवाजात म्हणाले की धक्क्याविषयी माका काय सांगाचा आसा, मी काय कोण मोठो मनुष्य नाय. पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही. लोक कुजबुजायला लागले, कुणीतरी हसलं. गुरुप्रसाद पुढे वाकून म्हणाला, घ्या घ्या गावकार, माझं नाव घ्या.

ह्यांनी मागे वळून बाबलीकडे पाहिलं. बाबलीने नजर उचलली नाही.

मग ह्यांनी कनवटीचा काळा चष्मा काढला. माझ्या तोंडून ‘नको’ निघालं, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. चष्मा डोळ्यांवर चढला, मान वर झाली, आणि जो आवाज निघाला तो मी घरात कधी ऐकला नव्हता.

“बा रवळनाथा म्हाराजा! ही रापणीची जागा तुज्या लेकरांची. हंय जो कोण खांब मारीत, तेका तू बघ. आनि तुका सवड नसात, तर मी बघतंय!”

“व्हय म्हाराजा!”

देऊळ दणाणलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी सुद्धा हात वर केले. गुरुप्रसादाचा चेहरा पांढराफटक पडला, आणि नारळ फुटायच्या आत तो देवळाबाहेर होता. रापणीची जागा वाचली, ती वाचलीच. गाऱ्हाण्यात पडलेला शब्द आता कोण मोडणार?

दिवस कलताना बाबली मोठी सुरमई घेऊन आला. मी म्हटलं, आता तरी बसतील, आता तरी भांडतील. त्याने मासा पायरीवर ठेवला, वाकून ह्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, “उपकार झाले, गावकारानू.” हे त्याला उठवायला वाकले तोवर तो गडग्यापलीकडे गेला होता. त्याने वळून पाहिलं नाही.

हे माजघरात येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. चष्मा अजून डोळ्यांवर, त्याखालून पाणी गळत होतं. म्हणाले, आता माका कोण हाक मारूचो नाय गो. मी सुरमईचे तुकडे करत होते. माझा राग उफाळून आला: पोरीवर, गुरुप्रसादावर, त्या पाया पडणाऱ्या बाबलीवर. हात धुतले, दार लावून घेतलं, ह्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून फळीवर ठेवला. आमच्या घरात कुठल्या बाईने असलं काही केलं नसेल. नसू दे.

“दत्त्या,” मी म्हटलं, “मेल्या, जेवक ये. आमटी निवता.”

ह्यांनी भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं.  मग अगदी बारीक आवाजात, शाळेतल्या पोराने द्यावी तशी ओ आली.

“इलंय.”

आता रोज एकदा मी तशी हाक मारते. दार मात्र लावून घ्यावं लागतं.