पेल्याबाहेर पडलेला चहा

मित्रांनो, मी मोरोक्कोतल्या मेकनेस शहरातल्या एका घरातली पितळी किटली. अंगावर पोचे पडलेत, झाकण सैल झालंय, आणि खरं सांगायचं तर आता कंटाळाही आलाय. तरी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

कासाराने मला ठोकून घडवलं आणि जिलालीच्या लग्नात मी या घरी आले. जिलाली चपला शिवायचा, पण गल्लीत त्याचं नाव होतं ते चहासाठी. मला डोक्याच्याही वर उचलून तो पुदिन्याच्या चहाची धार इवल्याशा पेल्यात सोडायचा. वर फेस यायचा, थेंब सांडायचा नाही. लोक वाहवा करायचे आणि मीही फुगायचे.

मग एका हिवाळ्यात धार चुकू लागली. आधी पेल्याच्या काठावर, नंतर सरळ पेल्यांखालच्या ताटात. सकाळी उठला की जिलाली डोकं धरून बसायचा, ओकायचा. बायको हनिया दृष्ट लागली म्हणून धुरी द्यायची. आणि पाहुणे? यजमानाची चूक दाखवायची नाही, ही आमच्याकडची रीत. ताटात चहाचं तळं साचलेलं असायचं आणि शेजारचा मिलूद म्हणायचा, "वा, जिलालीसाहेब! हात अजून तसाच आहे हं तुमचा!" अशी चीड यायची! पण मी पडले किटली.

वर्ष असंच गेलं. ईदला त्याची थोरली बहीण तामू गावाहून आली. पहिलीच धार गालिच्यावर पडली.

"जिलाली, पेला इकडे आहे. कुठे ओततोयस? दिसत नाही का तुला?"

"चार माणसांत माझी अब्रू काढतेस?"

"काढते. उद्या दवाखान्यात चल, मग हवं तेवढं भांड."

मेंदूत गाठ निघाली, डोक्याच्या मागच्या भागात, लिंबाएवढी. डॉक्टरांनी ती काढली. जिलाली वाचला, पण डाव्या बाजूची नजर गेली ती गेलीच. आता शिवणकाम बंद आहे. थोडं चालला तरी दमतो. हनिया मला खाली धरूनच चहा ओतते.

परवा तामू पुन्हा आली. जिलालीने तिचा हात धरला. मला वाटलं, आभार मानेल.

"ताई, तू आधी का नाही आलीस गं?"

समोर बसलेल्या मिलूदने मान खाली घातली.

मित्रांनो, रोज सकाळी डोकं दुखणं, ओकाऱ्या, चुकणारा हात, अंधुक नजर. दर वेळी गाठच असते असं नाही. पण आपल्या माणसाचं असं काही दिसलं, तर तोंडावर सांगा, डॉक्टरकडे न्या, खुशाल वाईटपणा घ्या. जिलालीकडे रोज माणसं यायची. सगळीच फार सभ्य होती.