डावा दरवाजा

आयव्ही ग्रीव्ह ट्रकच्या डाव्या दरवाजावरून हात फिरवत होती. हँडलच्या खाली, मग थोडं मागे, मग परत खाली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईची नजर अधू झाली होती, पण बोटं काहीतरी शोधत होती.

"इथला पोचा कुठंय रे?" तिनं विचारलं.

"काढला!" रॉस टीडमन खुशीत म्हणाला. "आतून टेकू देऊन, बाहेरून हळूहळू ठोकून. सबंध हिवाळा गेला त्यात. पोचा बुजवायला चमचाभरसुद्धा लांबी भरलेली नाही, आयव्ही. शोधून दाखवा, लावा पैज."

"नाही सापडत," आयव्ही म्हणाली. "छान झालंय हो काम." आणि तिनं हात कोटाच्या खिशात घातला.

गावच्या पाणीपुरवठ्याचे पंप दुरुस्त करण्यात रॉसची उमर गेली होती. निवृत्त झाल्यावर माणसं मासे पकडतात, हा जुन्या लष्करी गाड्यांच्या नादी लागला. दुसऱ्या महायुद्धातल्या त्या बसक्या नाकाच्या ट्रकला डार्लिंग डाउन्स भागातला प्रत्येक शेतकरी ब्लिट्झ म्हणतो. ग्रीव्हांचा ब्लिट्झ गोठ्यामागे उभा होता आणि त्याच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. आयव्हीनं तो रॉसला फुकट देऊन टाकला, एकाच अटीवर. एकदा ॲन्झॅक डेच्या संचलनात मला त्यात बसवून ने, म्हणाली. इतकी वर्षं युद्धात गेलेल्यांच्या या दिवशी ती घराबाहेर पडत नसे.

त्यानंतर चार वर्षं रॉस त्या ट्रकच्या मागे हात धुऊन लागला. एकेका दिव्यासाठी मेलबर्नपर्यंत फोन. त्याची बायको ग्लेनिस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमचे हे पंपवाले, आणि आमच्याच मोरीतला नळ गळतोय. तो काही लष्करातला नाही ना!" जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या मंडळींचा तर एकच प्रश्न असायचा, हे मूळचं आहे का? कुणी नवी कवळी बसवून आला तरी त्यालाही तोच प्रश्न. उद्या संचलन होतं, मागोमाग मैदानावर क्लबचं प्रदर्शन, आणि पहिला नंबर आपलाच हे रॉसनं मनात धरलेलं होतं. त्याआधी आयव्हीला एकदा दाखवावा म्हणून तो ट्रक घेऊन मुद्दाम शेतावर आला होता.

आणि आता आयव्ही ट्रककडे पाठ करून थर्मासातला चहा ओतत होती.

"आयव्ही," रॉस म्हणाला, "काय बिघडवलं मी?"

"काही नाही रे. आमच्या देसनं पाडला होता तो. तेरा वर्षांचा होता, मी शेजारी बसून शिकवत होते. फाटकातून काढताना पठ्ठ्याचं डावीकडे लक्षच नाही. नेला खांबावर! बाप मारेल म्हणून दिवसभर गवताच्या गंजीमागे बसून राहिला."

"मग? मारलं अल्फनी?"

"छे! म्हणाला, राहू दे, आठवण राहील. गाडी सावकाश न्यायची याची." ती थोडं हसली. "तेव्हापासून अल्फ हे दार लावताना त्या पोच्यात तळहात टेकवून ढकलायचा. बरोब्बर बसायचा हात. देस गेल्यावर तर आम्ही दोघंही तसंच लावायचो. बोललो नाही कधी एकमेकांशी."

देसला विसाव्या वर्षी सैन्यात बोलावणं आलं आणि तो व्हिएतनामहून परतला नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पोच्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं. रॉसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण किती मन लावून, किती अभिमानानं ते ठोकत बसलो होतो, हे आठवून त्याचा चेहरा लाल झाला.

"हातोडी आहे गाडीत," तो म्हणाला. "जागा दाखवा. आत्ता पाडतो परत."

"वेडा का काय? तू पाडलास तर तो तुझा पोचा. देसचा कसा होईल?" मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "लष्करात ही गाडी तीन-चार वर्षं होती, रॉस. आमच्याकडे जन्मभर. तू तिला लष्करात परत पाठवलंस, एवढंच. चूक माझीच, मी सांगायला हवं होतं. चल, फाटकापर्यंत एक चक्कर मार मला घेऊन."

रॉसनं तिला उचलूनच वर बसवलं. ट्रक खडखडत फाटकाशी आला तशी ती "थांब" म्हणाली. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून फाटकाच्या खांबावर ठेवला. आयर्नबार्कच्या कठीण लाकडाचा खांब, उन्हानं राखाडी पडलेला, जरा कललेला. कमरेच्या उंचीवर त्याला एक खोल खाच होती, आणि खाचेच्या तळाशी जुन्या हिरव्या रंगाचे कण अजून चिकटून होते.

रॉस खाली उतरून त्या खाचेकडे बघत राहिला.

"सोमवारी काढणारेत हे सगळं," आयव्ही म्हणाली. "नव्या मालकाला सलग शेत हवंय. कुंपण नको, फाटक नको."

"आज कुणाचं आहे?"

"महिनाअखेरपर्यंत माझंच की. का रे?"

रॉसनं फाटक बिजागरीवरून उचलून बाजूला ठेवलं, ट्रकमधली साखळी काढली, एक टोक खांबाला आणि दुसरं ट्रकच्या मागच्या आकड्याला बांधलं. ब्लिट्झ गुरगुरला, चाकं जागीच फिरली, साखळी सटकून मागच्या पत्र्याचा ताजा रंग हातभर खरवडला गेला. रॉसनं परत बांधली. दुसऱ्या खेपेला खांब बुडासकट आडवा झाला.

"अरे, तुझा रंग गेला!" आयव्ही ओरडली.

"जाऊ दे," रॉस म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटेची प्रार्थना आटोपून गाड्या मुख्य रस्त्यावर रांगेत लागल्या, तेव्हा क्लबचा पंच मर्व्ह रांगेतून हिंडत होता. ब्लिट्झपाशी येऊन तो खूश झाला. मग मागे गेला.

"रॉस, हा ओरखडा कसला? आणि हा ओंडका का बांधलायस? उतरव बाबा, लोक काय म्हणतील? नंबर हातचा घालवशील."

"राहू दे तो."

"अरे, पण मूळचा तरी आहे का?"

"या अख्ख्या गाडीत," रॉस म्हणाला, "तेवढाच आहे मूळचा."

मर्व्हनं मागच्या खांबाकडे पाहिलं, मग पुढे बसलेल्या आयव्हीकडे. मुलाची पदकं आईनं लावायची तशी तिनं छातीवर उजव्या बाजूला लावली होती. मर्व्ह टोपी काढून पुढच्या गाडीकडे गेला.

ढोल वाजले. रॉसनं पहिला गिअर टाकला आणि ट्रक माणसाच्या चालीनं निघाला. दोन्ही बाजूंनी लोक उभे होते, खांद्यावर बसवलेली पोरं हात हलवत होती, कुणीतरी "मिसेस ग्रीव्ह!" म्हणून हाक मारली. आयव्ही मान लववून उत्तर देत होती. तिचा डावा हात खिडकीबाहेर होता, तळवा गुळगुळीत दरवाजावर, हँडलच्या जरा खाली. रस्ता संपेपर्यंत तिनं तो उचलला नाही.