तिसऱ्या वळणाचं तेल

"गेली! गेली बोंबलत!" मिस्त्री ओरडले.

तिसऱ्या वळणावर त्यांच्या रिमोटवरच्या हातभर शर्यतीच्या गाडीने स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि चारी चाकं वर करून पडली. शेजारी उभ्या स्पर्धक दातांच्या डॉक्टरने आपला रिमोट काखेत मारून टाळ्या वाजवल्या.

"काका, दाढ दुखतेय का तिची? किती लोळतेय!"

मिस्त्रींनी दात-ओठ खाल्ले. चौतीस वर्षं बस डेपोत त्यांनी वळणावर दोन्ही चाकं कमी-जास्त फिरू देणारे डिफरेन्शियल उघडले होते. एकट्या माणसाला न उचलवणारं ते धूड नुसत्या आवाजावरून कुठे कण्हतंय ते सांगायचे. आणि आता हे लिंबाएवढं डिफरेन्शियल त्यांना नाचवत होतं.

आधी त्यांनी त्यात डेपोतलं ग्रीस कोंबलं. ग्रीस ते ग्रीस! आतल्या रबरी रिंगा फुगल्या आणि सगळं गळून गेलं. मग कळलं, याला सिलिकॉनचं तेल लागतं, तेही नंबरवारीने. नंबर लहान तेवढं तेल पातळ, गाडी वळायला चपळ. नंबर मोठा तेवढं घट्ट, गाडी शहाण्यासारखी हळू वळणार. पाच हजारी झालं, सात हजारी झालं, परत पाच. चार रविवार गेले, गिरकी काही जाईना. दुकानदार म्हणे, "ते चालवणाऱ्यावर आहे."

"चालवणाऱ्यावर म्हणजे? माझा हात वाकडा आहे का?"

हात वाकडा नव्हता. अंगठा हल्ली उशिरा हलायचा, एवढंच. ते फक्त बायकोला ठाऊक होतं. शर्टाचं वरचं बटण तीच लावून द्यायची.

"अहो, तीस हजारी घाला की. मी आणून ठेवलंय. नवख्यांना तेच बरं म्हणतात."

"नवखा? मी?" मिस्त्री उसळले. "पांगुळगाड्याला धरून चालू का आता? पाच हजारीच घालणार!"

शनिवारी संध्याकाळी डिफरेन्शियल उघडून ते चष्मा शोधायला आत गेले. चष्मा कपाळावरच होता. परत आले तोवर बायकोने झाकण बसवलं होतं.

"भरलं मी. पाच हजारी. स्क्रू तेवढे आवळा."

रविवारी तिसरं वळण आलं तसे मिस्त्रींनी डोळेच मिटले. उघडले तर गाडी आपली पुढे, सरळ! सात फेऱ्या, एक गिरकी नाही. अकरा जणांत चौथा नंबर.

"काय घातलंत काका?" डॉक्टरचा चेहरा पडला होता.

"पाच हजारी! तेलाला काय विचारतोस, हात लागतो हात!"

मागे उभ्या बायकोला एकाएकी खोकला आला.

घरी येऊन मिस्त्रींनी कौतुकाने डिफरेन्शियल उघडलं. स्क्रूड्रायव्हर बुडवून वर घेतला. तेलाची तार लांबतच गेली, तुटेना. त्यांनी ते दोन बोटांत चोळलं. बोटांना कुणी फसवू शकत नव्हतं.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"काय झालं हो?"

मिस्त्रींनी बोटं फडक्याला पुसली.

"काही नाही. जरा कमी झालंय."

त्यांनी पाच हजारीची बाटली बाजूला सारली आणि मागची, बायकोने आणलेली तीस हजारी घेतली. दोन्ही हातांनी ती उलटी धरली आणि पहिला थेंब सुटायची वाट बघत बसून राहिले.